सुपातला जवळा आणि शेवटचे प्रकरण

लेखन पुरे झाले, आता त्यात काही घालायचे नाही आणि त्यातून काही काढायचेही नाही, हे लेखकाला कशावरून समजते? या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी यंदाच्या मे महिन्यात कराडहून भाईंदरला गेले.

प्रश्न माझ्या एकटीचा नव्हता. आमच्या वाचक मंडळात बहुतेक सभासद निवृत्त शिक्षक आहेत आणि वाद घालण्यासाठी आम्हांला फारसे कारण लागत नाही. एका बैठकीत या प्रश्नावरून तीन पक्ष पडले. लेखकाला ते आतून कळते, असे एकाचे मत. संपादक सांगतो तेव्हा कळते, असे दुसऱ्याचे. लेखक कंटाळला की लेखन पुरे होते, असे आमच्या गणिताच्या सरांचे. मी आयुष्यभर मराठी शिकवले, तेव्हा निर्णय मी द्यावा अशी सर्वांची अपेक्षा होती. परंतु मी तपासले ते मुलांचे निबंध, आणि निबंध घंटा झाली की संपतो. त्यापलीकडचे ज्ञान माझ्याजवळ नव्हते. ओळखीच्या लेखकाला असे काही विचारले तर तो उत्तराऐवजी भाषण देतो, हाही अनुभव होता. म्हणून जेथे मला कोणी ओळखत नाही अशा ठिकाणी जाऊन, लिहिणाऱ्यांच्या कामाजवळ बसून पाहावे, असे ठरवले. माझी भाची मेघना भाईंदरला राहते. तिच्या माहितीत दोन लिहिणारी माणसे होती, आणि त्यांपैकी एकाचे पुस्तक शेवटच्या प्रकरणाशी अडले आहे, असे ती फोनवर म्हणाली होती. माझ्या प्रश्नाला याहून योग्य जागा मिळाली नसती.

प्रवासाविषयी सांगण्यासारखे काही नाही. मला खिडकी मिळाली आणि झोप लागली.

केबिन रोड

मेघनाचे घर भाईंदर पूर्वेला, केबिन रोडच्या एका गल्लीत आहे. आमच्याकडे बाजाराला वार नेमलेला असतो. येथे रोजच तो वार असतो. कपडे, भांडी, फळे, मोबाइलची आवरणे, सारे एकमेकांच्या अंगावर रेलून उभे असते आणि त्यामधून रिक्षा वाट काढतात. संध्याकाळी भाजी घ्यायला आम्ही गेलो. मेघनाने भाजीवाल्याला हिंदीत पालकाचा भाव विचारला, त्याने हिंदीत सांगितला. मी सवयीने मराठीत विचारले, की जुडी आजची आहे का. तो म्हणाला, "सकाळचीच हाय, मावशी." तो माणगावचा निघाला. मेघना त्याच्याकडून कितीतरी वर्षे भाजी घेत होती आणि समोरचा मराठी आहे हे दोघांनाही ठाऊक नव्हते. दोघे मनापासून हसले. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तिच्याबरोबर गेले, तेव्हा दोघे हिंदीतच बोलत होते. एकदा पडलेली घडी सहसा मोडत नाही, हे मी येथे मुद्दाम सांगून ठेवते.

मेघनाच्याच इमारतीत सुनंदाताई राहतात. माहेर आणि सासर दोन्ही लांज्याकडचे; दिवसभर एका दवाखान्यात नावनोंदणीच्या खिडकीवर बसतात, आणि गावाकडच्या नमन मंडळासाठी वग लिहितात. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: नमन हा कोकणातील लोकनाट्याचा प्रकार आहे. आधी देवांना वंदन, मग गवळण आणि शेवटी वग, म्हणजे गोष्ट. मंडळातील पुरुष नोकरीनिमित्त याच परिसरात राहतात आणि रविवारी इमारतीच्या कार्यालयाच्या खोलीत तालीम करतात. मी रविवारीच पोचले होते, त्यामुळे त्यांनी मला थेट तालमीलाच बसवले.

सुनंदाताई लिहितात ते पहाटे, ओट्याशी उभ्याने, कुकरच्या शिट्ट्यांमध्ये जेवढा अवधी मिळेल तेवढ्यात. बसून लिहिले की वाक्ये लांबतात, असे त्यांचे म्हणणे. उभ्याने लिहिलेले नटाला उभ्याने बोलता येते. हा विचार मला पटला. परंतु त्यांची खरी पद्धत तालमीत दिसली. गवळणीत मावशीचे काम करणारे रवींद्र नावाचे गृहस्थ एरवी वातानुकूलन यंत्रे दुरुस्त करतात. ते वगातल्या एका वाक्यापाशी सारखे अडत होते. वाक्य सुंदर होते. नदीला माहेरच्या वाटेची उपमा दिली होती. मी ते मनात जपूनही ठेवले.

"ताई, मी पाठ करतोय हो," रवींद्र म्हणाले, "पण हे नेमकं सटकतंय."

"मागच्या रविवारीपण सटकलं होतं ना?"

"त्याच्या मागच्यापण."

"मग जाऊ दे त्याला," असे म्हणून सुनंदाताईंनी कागदावर आडवी रेघ मारली.

मला हळहळ वाटली आणि मी ती बोलून दाखवली. त्या म्हणाल्या, की पूर्वी त्याही नटांशी भांडत. नंतर त्यांच्या लक्षात आले, की नट विसरतो ते वाक्य बहुधा त्या पात्राचे नसते, लिहिणारीचे असते. लागोपाठच्या तालमींत कोणी काही विसरले नाही, की वग पुरा झाला. त्यांचे उत्तर एवढे स्वच्छ होते, की माझे काम पहिल्याच दिवशी संपले असे मला वाटले. सुनंदाताईंनी मात्र हसून सांगितले, "माझं सोपं आहे हो, बाई. माझ्याकडे विसरणारी माणसं आहेत. कादंबरीवाल्याने काय करायचं ते हिराजीभाऊंना विचारा. ते बिचारे फार अडकलेत."

पाली

हिराजीभाऊ राईचे. राई हे भाईंदर पश्चिमेचे खाडीकाठचे जुने गाव. त्यांच्या घराण्याची भातशेती होती आणि मिठागरही होते. आता काही जमिनीवर इमारती आहेत. ते स्वतः वीज कार्यालयातून निवृत्त झाले आहेत. मी राईलाच जाणार होते, परंतु सकाळी पालीला या, असा त्यांचा निरोप आला. उत्तनजवळच्या या कोळीवाड्यात त्यांच्या मित्राची जाळी ठेवण्याची पडवी आहे, आणि तेथेच ते लिहितात.

बसमधून मिठागरांचे चौकोन दिसले. उन्हात ते इतके लखलखत होते, की डोळ्यांवर हात धरावा लागला. पालीच्या गल्ल्या अरुंद आहेत. समोरून दुचाकी आली की भिंतीला पाठ टेकवून उभे राहणे हा तेथील रिवाज. तो मला ठाऊक नव्हता. मागे मासळीची टोपली बांधलेली एक स्कूटर मला घासून गेली आणि टोपलीतले पाणी माझ्या पदरावर सांडले. स्कूटरवाला थांबून "सॉरी आंटी" म्हणाला. दारातल्या एका बाईंनी तांब्याभर पाणी आणून दिले आणि पदर धुताना समजूत घातली, "पालीला आलाव तं पालीचा वास न्यायलाच पायजे." आमच्याकडे अशा प्रसंगी आधी दोष कोणाचा हे ठरते आणि मग पाणी मिळते.

पडवीत निळ्या जाळ्यांच्या ढिगावर हिराजीभाऊ बसले होते. राईच्या घरी वही उघडून बसले की लोकांना हा माणूस रिकामा आहे असे वाटते आणि ते वीजबिल समजून घ्यायला येतात; म्हणून हा बंदोबस्त. त्यांनी आपल्या सवयी न विचारता सांगितल्या. आधी ते केवळ बोलणे लिहितात, तेही गावच्या बोलीत. वर्णन नंतर भरतात. पात्रांना शेवटच्या खर्ड्यापर्यंत खरी नावे देत नाहीत. ज्या माणसावरून पात्र घेतले त्याच्या दारातल्या झाडाचे नाव देतात. चिंचवाली, शेवग्यावाली, अशी. झाडाविषयी लिहिताना भीड पडत नाही, असे ते म्हणाले.

अडलेली कादंबरी मिठागरात काम करणाऱ्या बायांची होती. तिची नायिका चिंचवाली म्हणजे त्यांची आई. आई गेली. तिच्याबरोबर मिठात उभ्या राहिलेल्यांपैकी आता एकट्या जनाआत्या उरल्या आहेत, आणि त्या आहेत तोवर पुस्तक त्यांच्या हातात पडावे, एवढीच भाऊंची इच्छा होती. प्रकाशकाने सांगितले होते, की महिनाअखेर शेवटचे प्रकरण आले नाही तर पुस्तक पुढील वर्षावर जाईल. आत्यांच्या वयाला पुढील वर्ष हा शब्द फार मोठा होता. प्रकरण लिहून तयारही होते. ते पुरे झाले की नाही, हे मात्र भाऊंना कळत नव्हते.

"पहिल्या पुस्तकाला मला कळायचं," ते म्हणाले. "आत्याच्या ओटीवर बाया सुपात सुका जवळा निवडत बसतात. मी बाजूला बसून वाचायचो. हात चालू राहिले, तर ते पान परत लिहायचो. हात थांबले, की पान पास."

"मग आता काय झाले?"

"आता काय, सत्कार झाला."

मला उलगडा होईना, तेव्हा त्यांनी तो केला. पहिले पुस्तक आले, गावाने शाल-श्रीफळ दिले आणि भाषण करायला सांगितले. भाषणात भाऊंनी कृतज्ञतेने ही खूण जाहीर केली. राईच्या बायांचे हात थांबतात तेव्हाच माझे पान पुरे होते, असे ते म्हणाले. टाळ्या पडल्या. ओटीवरच्या साऱ्या बाया पुढच्या रांगेतच होत्या. तेव्हापासून भाऊ कागद घेऊन आले, की बाया पहिल्या शब्दाला सूप खाली ठेवतात आणि हात मांडीवर घेतात. लेखकाचा मान राखायचा म्हणून. चांगले पान असो, वाईट असो, मुद्दाम रटाळ वाचून दाखवलेले असो.

मी हसले, परंतु मला यातले दुःख ओळखीचे होते. शाळेत तपासणीच्या दिवशी प्रत्येक प्रश्नाला सगळा वर्ग हात वर करतो, आणि त्या दिवशी कोणाला काय येते हे शिक्षकाला मुळीच कळत नाही.

"तुम्ही नवख्या आहात," भाऊ म्हणाले. "आज दुपारी ऐकायला बसा. तुम्ही तरी खरं सांगाल."

राई

आधी जनाआत्यांच्या घरी जेवण झाले. आमच्याकडे भाकरी ज्वारीची आणि हातावर थापलेली. येथे ती तांदळाची, पांढरीशुभ्र, आणि पीठ उकडून घेतल्यामुळे दुसऱ्या दिवशीही मऊ राहणारी. बरोबर ओल्या बोंबलाचे कालवण होते. मी दोनच भाकऱ्या खाल्ल्या तेव्हा आत्यांना मी आजारी आहे की काय अशी शंका आली.

जनाआत्या ठेंगण्या, काटक आणि स्पष्ट बोलणाऱ्या. जेवणानंतर भाचा ओटीवर येताच त्या शेजारच्या वनिताबाईंना म्हणाल्या, "आला आमचा सायेब, उठा." कोणी उठले नाही. पावसाळ्याची बेगमी चालली होती. ओटीवर चार-पाच बाया आणि त्यांच्या पुढ्यात सुपे. वाळलेला जवळा म्हणजे केसराएवढी कोळंबी; त्यातून शिंपल्यांचे कण, काड्या आणि इतर बारीक मासळी वेचून काढायची. आत्यांनी माझ्यापुढेही एक सूप सरकवले.

"मास्तरीनबाई, चष्मा हाय ना? मंग बसा. रिकाम्या हातानं आयकलं तं झोप येते."

थोड्या वेळाने त्यांनी माझ्या सुपात डोकावून पाहिले आणि मी कचरा ठेवून जवळा टाकत असल्याचे सर्वांना सांगितले. मग वनिताबाई माझ्या मदतीला आल्या.

भाऊंनी कागद काढले. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले: त्यांनी घसा साफ करताच सारी सुपे एका वेळी खाली गेली. हात मांडीवर, चेहरे देवळात असावेत तसे. सुरुवात उगवतीच्या वर्णनाने होती. मिठाच्या राशींवर पहिले ऊन पडते ते दृश्य. भाषा घोटीव होती आणि मला ती आवडलीही. वनिताबाईंना खोकला येत होता, तो त्या पदरात दाबत होत्या. भाऊ एका बाजूला वाचत होते आणि त्यांचा आवाज पानागणिक बसत चालला होता. त्यांना काय वाटत असेल ते मला समजत होते. हा आदर ओलांडून पलीकडचे काही दिसण्याची सोय नव्हती.

पुढे भांडण आले. चिंचवालीच्या पायातले चांदीचे जोडवे मिठात काम करताना हरवते. बरोबरच्या शेवग्यावालीने ते उचलले असा तिचा संशय. दोघी मिठात पाय रोवून, फावडी हातात धरून भांडतात. येथे वर्णन जवळजवळ नव्हते. एकीचे वाक्य, दुसरीचे वाक्य. एक म्हणते, तुझ्या पोरीच्या बारशाला माझे पातळ तू नेलेस, ते आले का परत? दुसरी म्हणते, ते पातळ होते की जाळे, हे आधी ठरव.

मी आपली माझ्या सुपाकडे पाहत होते. तेवढ्यात मला सळसळ ऐकू आली. वाळलेला जवळा सुपात हलला की वाळक्या पानांसारखा आवाज होतो. वर पाहते तो वनिताबाईंनी सूप मांडीवर घेतले होते आणि त्यांची बोटे भरभर चालत होती. मग दुसरे सूप उचलले गेले, तिसरे. मला राग आला. लेखक वाचतो आहे आणि या कामाला लागल्या, म्हणजे यांचे लक्ष उडाले. वर्गात अशा वेळी मी नुसती नजर वळवत असे आणि ती पुरत असे. ती नजर मी वळवलीसुद्धा. परंतु ती घेणारे कोणी नव्हते. सगळ्यांचे डोळे भाऊंच्या तोंडाकडे होते आणि हात त्यांच्या नकळत चालत होते. भांडण चढले तशी बोटेही चढली. वनिताबाई खोकल्या, चांगल्या मोकळ्या खोकल्या. आत्या तर न पाहता जवळा पाखडत होत्या.

भाऊ वाचता वाचता थांबले. त्यांनीही तो आवाज ऐकला होता.

"थांबलास कशाला?" आत्या करवादल्या. "त्या सटवीनं जोडवा दिला का न्हाय?"

भाऊंनी पुढे वाचले. जोडवे कोणीच घेतलेले नव्हते. संध्याकाळी रास ओढताना ते शेवग्यावालीलाच मिठात सापडते. ती ते धुते, चिंचवालीचा पाय आपल्या गुडघ्यावर घेते आणि मिठाने फाटलेल्या त्या बोटात ते जपून घालते. सुपे एका लयीत चालली होती. कोणी मान हलवली नाही, कोणी वाहवा म्हटले नाही. आत्यांनी मात्र आपल्या पायाचे बोट एकदा अंगठ्याने चाचपले.

त्यानंतरही प्रकरण शिल्लक होते. चांदण्यातले मिठागर, खाडीवरचा वारा, बदलत्या काळाविषयी चिंतन. पहिले वाक्य वाचून होते न होते, तोच सूप खाली गेले. मग दुसरे. हात पुन्हा मांडीवर आले, चेहरे पुन्हा देवळात गेले. भाऊंनी त्या पानाचे शेवटचे वाक्य नीट, घाई न करता वाचले, उरलेली पाने हातातल्या गठ्ठ्याच्या मागे सरकवली आणि म्हणाले, "झालं."

"छान हाय," आत्या म्हणाल्या, आणि लगेच वनिताबाईंना विचारू लागल्या, की शेवग्यावाली म्हणजे ती अमुकच ना, तिचे तोंड अगदी तसेच होते.

मला विचारण्याची वेळ भाऊंवर आलीच नाही. संध्याकाळी ते मला बसच्या थांब्यापर्यंत सोडायला आले, तेव्हा वाटेत थांबून त्यांनी प्रकाशकाला फोन केला. शेवटचे प्रकरण उद्या पाठवतो, असे सांगितले, आणि ते आधी कळवल्यापेक्षा लहान आहे, असेही सांगितले.

"जोडव्यापाशी संपलं, बाई," ते मला म्हणाले. "मी इतके दिवस त्यांच्या हातांकडे डोळे लावून बसलो. हात तर थांबलेलेच. आज त्या मला मान द्यायचं विसरल्या. विसरल्या, तेव्हा मला कळलं."

हे लिहू का, असे मी त्यांना विचारले. आत्यांनी कधी काही वाचलेले नाही, त्यामुळे त्यांची भीती नाही, असे ते म्हणाले. वनिताबाई वाचतील, आणि मग पुढील पुस्तकाला नवी खूण शोधावी लागेल. "शोधू," ते म्हणाले. सकाळच्या इतक्या काळजीनंतर तो माणूस थांब्यावरच्या दिव्याच्या खांबाला टेकून एखाद्या सुट्टी लागलेल्या मुलासारखा उभा होता. आत्यांनी बांधून दिलेला जवळा माझ्या पिशवीत होता, आणि बसमधली माणसे माझ्यापासून थोडी दूर बसली.

कराडला आल्यावर मंडळापुढे मी हे सारे क्रमाने सांगितले. निष्कर्ष असा मांडला: ऐकणारा जेथे आपण ऐकतो आहोत हे विसरतो, तेथवर लेखन पुरे झालेले असते, जेथे त्याला आपल्या शिष्टाचाराची आठवण होते, तेथपासून पुढचे काढून टाकता येते. गणिताच्या सरांनी एका ओटीवरून नियम कसा काढता, असे विचारले. त्यांची शंका योग्य आहे. एक उदाहरण म्हणजे पुरावा नव्हे, हे मीच मुलांना शिकवत आले.

म्हणून वाचकांना माझी साधी विनंती आहे. हे माझ्या शब्दावर मानू नका. आपण लिहिलेले काहीही, पत्र असो की गोष्ट, घरात भाजी निवडत असलेल्या, कपड्यांच्या घड्या घालत असलेल्या कोणाला तरी एकदा वाचून दाखवा आणि काय होते ते पाहा. मात्र आपण काय पाहणार आहोत, ते त्यांना आधी सांगू नका.